दादाकडून फी नाही

“फुकट? त्या माणसाला तू फुकट सल्ला देणार?” बायकोनं हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. “ज्यानं तुला दुकानातून हाकललं त्याला फुकट, आणि माझ्या मावशीच्या नवऱ्याकडून मात्र अर्धी फी आधी!”

“मावशीचा नवरा वेगळा, दादा वेगळा.” धाकटा बुटाची नाडी बांधत होता. मान खाली होती, पण गालातल्या गालात तो हसत होता.

“वेगळा काय त्यात? शिंगं आहेत दादाला?”

“सख्खा भाऊ आहे माझा. त्याच्याकडून फी घेऊ? लोक तोंडात शेण घालतील.”

“लोकांची पर्वा तुला कधीपासून?” तिनं पदराला हात पुसले, समोर येऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग तिचा आवाज एकदम खाली आला. “थांब. तुझ्या फुकटच्या सल्ल्याचं काय होतं ते मला माहितीये. तू मुद्दाम करतोयस.”

धाकट्यानं दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. गरज नव्हती इतकी घट्ट.

धाकटा म्हणजे दोन भावांतला धाकटा. चाळिशी आली, कानामागचे केस पांढरे झाले, तरी सगळा बाजार त्याला धाकटाच म्हणायचा. धंदा काय, तर सल्ला द्यायचा. मोठ्या कंपन्यांना नाही, त्या ह्याला दारात उभं करणार नाहीत. सलूनवाला, सायकलवाला, केकवाली बाई, किल्ल्या बनवणारा, असली गिऱ्हाईकं. दुकान चालतंय पण हातात काही राहत नाही, असं रडगाणं घेऊन ही माणसं यायची. धाकटा त्यांच्या दुकानात जाऊन एक दिवस कोपऱ्यात बसायचा, माशीसारखा, कुणाच्या लक्षातही येणार नाही असा. संध्याकाळी सांगायचा कुठे गळतंय ते.

सल्ला चांगला असायचा, पण त्याची खरी हुशारी होती फी सांगण्यात. तासावर फी तो लावायचाच नाही. म्हणायचा, दुखणं मी झटकन ओळखलं तर मला कमी पैसे, आणि कुणी मठ्ठ दिवसभर डोकं खाजवत बसला तर त्याला जास्त, हा कुठला न्याय? त्याची रीत वेगळी होती. दुकानात शिरलं की सगळ्यात बिनकामाची वस्तू शोधायची आणि सहज विचारल्यासारखं करायचं, “वा, हे केवढ्याला घेतलं?” सलूनवाल्याकडे माशांची काचपेटी होती. मासे कधीच मेलेले, आत नुसता प्लास्टिकचा पाणबुड्या बुडबुडे सोडत बसलेला. केकवाल्या बाईकडे पाठ रगडणारी खुर्ची होती, तिच्यावर पिठाची पोती ठेवलेली. मालक छाती फुगवून किंमत सांगायचा, आणि धाकट्याची फी तेवढीच असायची. मासे नसलेल्या पेटीला ज्यानं एवढे पैसे मोजले, त्याला धाकट्याची फी परवडत नाही हे म्हणायला तोंडच उरायचं नाही.

आणि अर्धी फी आधी. ती आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हे तो ठेच लागून शिकला होता. अगदी सुरुवातीला बायकोच्या मावशीच्या नवऱ्याला त्यानं घरचे म्हणून फुकट सल्ला दिला. चपलांचं दुकान होतं. काकांनी सगळं ऐकलं, वा वा केलं, ‘मुलगा हुशार आहे हो’ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बरोब्बर उलटं केलं. दुकान बुडायला आलं तेव्हा म्हणतात कसे, “तू कधी सांगितलंस?” पुढच्या वेळी धाकट्यानं त्यांच्याकडून फी घेतली. तेच शब्द, तेच काका, तेच दुकान. पण या वेळी काका पेन घेऊन बसले. मधे चहा आला तर म्हणाले, “थांबा हो, चहा नंतर, आधी याचं होऊ द्या.” त्या दिवशी धाकट्याला कळलं की पैसे सल्ल्याचे नसतात. ऐकणाऱ्याचे कान उघडायचे असतात.

बायकोला हे सगळं पाठ होतं. म्हणून तर तिचा आवाज खाली आला.

“तो बुडेल,” ती म्हणाली.

“मी खरं तेच सांगणार आहे. एक अक्षर खोटं नाही.”

“तेच तर म्हणतेय मी.”

धाकटा उठला, आरशात बघून कॉलर सारखी केली आणि निघाला. जिना उतरताना शिट्टी वाजवत होता. हा माणूस कधी शिट्टी वाजवत नाही.

*

दादाचं दुकान म्हणजे खरं तर दोघांच्या वडिलांचं. कपडे धुवायचं आणि इस्त्रीचं. वडील गेल्यावर दोघे भाऊ चालवत होते. दादा गल्ल्यावर, धाकटा मागे वाफेत. धाकट्याला तेव्हाही गप्प बसता यायचं नाही. एकदा गिऱ्हाईकांच्या देखत तो बोलून गेला की डॉक्टरांचे पांढरे कोट आपण धुतो त्यात आपलंच नुकसान होतंय, डाग काढण्यात अर्धा दिवस जातो, दर वाढवायला हवा. नेमकी डॉक्टरीणबाई समोर उभी. दादाचे कान लाल झाले. “मला धंदा शिकवतोस?” म्हणाला. पुढे शब्दाला शब्द लागला, आणि दादानं गिऱ्हाईकं, कामगार, सगळ्यांच्या समोर कोपऱ्यातल्या दांडीवरचा एक सूट काढला. विटकरी रंगाचा. कुणीतरी धुवायला टाकून न्यायला कधी आलंच नव्हतं. तो धाकट्याच्या अंगावर फेकून म्हणाला, “हा घे तुझा वाटा. जा आता.”

लोक हसले. डॉक्टरीणबाईसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसली. वाट्याचं म्हणून एवढंच मिळालं, कुणाचा तरी टाकलेला सूट. धाकट्यानं तोच घालून पहिली गिऱ्हाईकं पटवली, तो भाग वेगळा. पण तो सूट अंगावर चढवताना दर वेळी त्याचे दात एकमेकांवर घासायचे. वर्षं गेली, सूट विरला, पण दातांची सवय गेली नाही.

आणि आता दादाचा निरोप आला होता, कामगाराच्या हाती. एका मोठ्या हॉटेलच्या चादरी, टॉवेल, सगळं धुवायचं काम मिळतंय. त्यासाठी कर्ज काढून परदेशी मशीनं घ्यायची आहेत. एकदा येऊन बघून जा म्हणावं, तू यातला.

तू यातला! धाकट्यानं ते दोन शब्द जिभेवर गोळीसारखे घोळवले होते.

दुकानात शिरला तर दादा उठून पुढे आला. पोट सुटलेलं, चष्मा कपाळावर. “ये ये! अरे, आत ये, पाहुण्यासारखा उंबऱ्यावर काय उभा?” झालं गेलं विसरलेला. वाईट वागणाऱ्यांचं हे बरं असतं, त्यांना आठवतच नाही. लक्षात ठेवायचं काम दुसऱ्याकडे.

वहिनी मागे शर्टांच्या घड्या घालत होती. तिनं मान हलवली.

सवयीनं धाकट्याची नजर दुकानभर फिरली आणि दाराशी अडकली. तिथे बूट चमकवायचं विजेचं मशीन होतं, लाल केसाळ ब्रशवालं. त्याच्यावर कुणीतरी छत्री टांगली होती.

“हे केवढ्याला घेतलं रे दादा?”

दादानं किंमत सांगितली. चांगली दणदणीत होती. “गिऱ्हाईकांना बरं वाटतं. वापरत नाही कुणी, पण बघतात.”

म्हणजे फी ठरली होती. एवढी मागितली असती तर दादानं आधी भुवया चढवल्या असत्या, मग थोडं चिडवलं असतं, मग दिली असती. आणि मग शब्द न् शब्द पाळला असता. धाकट्याला हे स्वच्छ दिसत होतं. त्याच्या पोटात गुदगुल्या झाल्या.

“तुझी फी काय ते सांग बाबा आधी,” दादा हसत म्हणाला. “बाजारात ऐकलंय, तू खिसा कापतोस म्हणे.”

“तुझ्याकडून फी? दादा, काहीतरीच काय बोलतोस!”

मागे वहिनीचा घडी घालणारा हात थांबला.

“बघ, ऐकलंस?” दादा वहिनीकडे वळून म्हणाला. “रक्त आहे शेवटी. चहा सांग गं. बिस्किटं पण.”

मग धाकट्यानं सांगितलं. आणि काय सांगितलं म्हणता! आयुष्यात एवढा चोख सल्ला त्यानं कुणाला दिला नसेल. एका गिऱ्हाईकासाठी कर्ज काढू नकोस. काढायचंच तर हॉटेलकडून आधी वर्षाचा करार लिहून घे, मधेच सोडलं तर भरपाई दे म्हणावं. ते लिहून देत नसतील तर समज, त्यांचं स्वतःचं धुलाईघर काढायचं चाललंय, तोवर तुला वापरतायत. आणि घरोघरची गिऱ्हाईकं तोडू नकोस, हॉटेलच्या चादरी धुताना त्यांचे शर्ट मागे पडले की ती परत येणार नाहीत.

दादा बिस्किट बुडवत होता. एक तुकडा कपात पडला. तो चमच्यानं काढण्यात ‘भरपाई’वाला भाग गेला. मग फोन आला. “हां, बोल बोल, काही नाही, भाऊ आलाय, गप्पा चालल्यात.” मग दारात कुणीतरी ओळखीचं दिसलं, त्याला हात केला. धाकटा न रागावता, न थांबता बोलत राहिला. एकेक वाक्य तो नीट, सावकाश, अर्धवट झाकलेल्या त्या कानांवर ठेवत गेला. ती तिथून घरंगळून पडत होती आणि त्याला मजा वाटत होती.

“वा!” दादानं शेवटी मांडीवर थाप मारली. “लहानपणापासून डोकं तल्लख तुझं. बाबा म्हणायचेच. अजून घे ना बिस्किट.”

*

चार दिवसांनी वहिनी त्याच्या ऑफिसात आली. ऑफिस म्हणजे एका खिडकीची खोली, खाली टायरवाला. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पर्समधून पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“भावोजी, तुमची फी.”

“कसली फी वहिनी?”

“त्या दिवसाची. माझ्या शिवणाच्या क्लासचे साठलेले आहेत. कमी पडत असतील तर सांगा.” ती एका दमात बोलली, वाटेत पाठ करत आल्यासारखी. “कर्जाच्या कागदांवर त्यांची सही परवा आहे. तुम्ही फक्त या, हे पैसे तुमच्या दादानं दिलेत असं समजा, त्यांच्यासमोर मोजून घ्या, आणि तेच सगळं परत सांगा.”

“सांगितलंय मी. विचारा त्याला.”

“विचारलं. काय म्हणाला धाकटा? तर हे म्हणतात, ‘म्हणाला, चांगलं आहे, कर.’”

धाकट्याला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात लपवलं. वहिनीला दिसलं.

“तुम्ही का नाही सांगत?” तो म्हणाला. “तुम्ही तर सगळं ऐकलंत.”

“माझं?” वहिनी म्हणाली. “माझं तर लग्नापासून फुकटच आहे.”

खाली टायरवाल्यानं हवेचं मशीन लावलं. खोलीची काच थरथरायला लागली.

“हे पैसे तुमच्यासाठी नाहीत,” वहिनी म्हणाली. “त्यांच्या कानांसाठी आहेत. सगळा बाजार बोलतो, धाकट्याला पैसे दिले की त्याचं ऐकावंच लागतं. घ्या ना.”

धाकट्यानं पाकिटाकडे बघितलं. उचललं की झालं असतं. पण ते बघता बघता त्याला दांडीवरचा तो विटकरी रंग दिसला, रुमालाआडून हसणारं तोंड दिसलं, आणि आणखी एक दिसलं, की त्या वेळी वहिनीसुद्धा तिथेच होती. मागे, अशीच घड्या घालत.

“घरच्या माणसांकडून मी फी घेत नाही वहिनी.”

“घरची कधीपासून झालो आम्ही?”

तो चिडला. “त्या दिवशी तुम्ही होतात ना तिथे? बोलला होतात एक शब्द?”

“नव्हते बोलले.” तिनं मान खाली घातली नाही. “बोलायला हवं होतं. त्यांनी वाईट केलं, मी गप्प बसले, ते त्याहून वाईट. आता माझी पोरगी शिकतेय भावोजी. कर्जाला दुकान आणि घर दोन्ही तारण जातंय.”

“दादाला म्हणावं, भावानं सांगायचं ते सांगितलं. फुकट सांगितलं.”

वहिनीनं पाकीट उचललं. पर्सची चेन लागेना, अडकली. ती तिच्याशी झटत राहिली आणि धाकटा नुसता बघत राहिला, मदत केली नाही. दारातून ती वळली.

“तुम्ही फार हुशार आहात,” म्हणाली, आणि जिना उतरली.

तिच्या पोरीचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला. त्यानं तो खिडकीतून खाली फेकला, टायरच्या ढिगात.

*

मशीनं आली. गल्लीत क्रेन लावून उतरवली, लोक बघायला जमले. दादानं सगळ्यांना गार सरबत पाजलं. धाकट्याला बोलावणं होतं. गेला, ग्लासभर सरबत प्याला, मशीनच्या चकचकीत दारात स्वतःचं तोंड बघून आला.

मग तो वाट बघत बसला. वाट बघण्यातही चव असते. बाजारातून बातम्या यायच्या. घरोघरची गिऱ्हाईकं कुरकुरतायत, शर्ट आठ-आठ दिवस मिळत नाहीत. डॉक्टरीणबाईनं कोट दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. हॉटेलवाल्यानं दर पाडून मागितला, दादानं दिला. आणि एक दिवस हॉटेलच्या मागच्या अंगणात स्वतःची मशीनं उतरली. दादाच्या हातात करार होता कुठे? तोंडी होतं सगळं. तोंडच फिरलं.

घर सुटलं. दोन खोल्यांत गेले. पोरीनं कॉलेज सोडून कुठल्याशा दुकानात हिशेब लिहायला सुरुवात केली. बायकोनं हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिनं धाकट्याकडे बघितलं नाही. “झालं मनासारखं?” एवढंच म्हणाली.

मनासारखं नव्हतं झालं. एक बाकी होतं. दादाच्या तोंडावर जाऊन बोलायचं बाकी होतं. दाढी करताना तो ते वाक्य घासूनपुसून तयार करत होता. ‘दादा, मी सांगितलं होतं.’ नाही, एवढ्यानं भागणार नाही. ‘दादा, मी सांगितलं होतं, आणि तू ऐकणार नाहीस हे माहीत होतं, म्हणूनच फी घेतली नाही. हा घे तुझा वाटा.’ हे ठीक होतं. हे लागलं असतं. दादाला कळायलाच हवं होतं की हे कुणी केलं. नाहीतर काय मजा?

मशीनं विकायची ठरली त्या दिवशी तो गेला. भर दुपारी. दुकानात घेणारा माणूस आला होता, टेप लावून मशीनची मापं घेत होता. दादा स्टुलावर बसला होता. पोट गेलं होतं, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. वहिनी मागे, हातात कुणाचा तरी शर्ट.

धाकट्यानं श्वास घेतला. “दादा, मी—”

“आलास!” दादा ताडकन उठला. त्यानं घेणाऱ्या माणसाचा हात धरून त्याला वळवलं. “साहेब, हा माझा भाऊ. बाजारात विचारा कुणालाही, याच्या शब्दाला पैसे पडतात. आणि मला यानं सगळं फुकट सांगितलं होतं बरं का! मशीन घेऊ नको, करार लिहून घे, सगळं. नंतर मला एकेक आठवायला लागलं. मीच गाढव, बिस्किटं खात बसलो.”

“दादा, ऐक. मी मुद्दाम—”

“मुद्दाम वेळ काढून आला होता!” दादा त्या माणसाला सांगत राहिला. डोळे भरून आले होते, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. “याला मी या दुकानातून हाकललं होतं. सगळ्यांसमोर. एक सूट अंगावर फेकला. याच्या जागी दुसरं कोण आलं असतं? हा आला. पैसासुद्धा घेतला नाही. सांगा, कोण करतं आजकाल?”

घेणारा माणूस “खरंय, खरंय” म्हणाला आणि टेप गुंडाळू लागला.

म्हणजे याला आठवत होतं. इतकी वर्षं आठवत होतं. धाकट्याच्या तोंडात ते तयार वाक्य तसंच होतं, धार लावलेलं, आणि आता ते कुठे खुपसायचं तेच कळेना. समोरचा माणूस आपणहून फाटलेला. एवढं बुडवूनही हा हरत नव्हता, उलट धाकट्यालाच मोठं करून ठेवत होता, चारचौघांत, जिथे हसले होते तिथेच. धाकट्याला वाटलं ओरडून सांगावं, अरे मीच केलं, मला माहीत होतं! त्यानं वहिनीकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं. तिनं दादाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं, हे आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं.

दादानं स्टूल पुढे सरकवलं, फडक्यानं पुसलं. “बस. आता सांग, यापुढे काय करू? मागे दोन टेबलं ठेवलीत इस्त्रीची, तेवढ्यावर काही होईल का? या वेळी चहा नाही, फोन नाही. बंद केलाय बघ.” तो समोर जमिनीवरच बसला, मांडी घालून, तोंड वर करून. “बोल. तू म्हणशील ते करतो.”

धाकट्याला सगळं माहीत होतं. कुठली गिऱ्हाईकं परत येतील, आधी कुणाच्या दारात जायचं, दर काय लावायचा. जिभेवर होतं.

“सांगा ना भावोजी,” वहिनी मागून म्हणाली. शर्टाची बाही सरळ करत, अगदी साध्या आवाजात. “ऐकतायत ते.”

दादानं मान हलवली, हो हो, ऐकतोय.

धाकटा बसला नाही. घसा खाकरला, एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या बुटांकडे.

“दादा,” तो म्हणाला, “मला आता निघायला हवं.”